तीस इंची

व्हर्निअर खिशात घालूनच गेलो कॅम्पातल्या दुकानात.
एकतीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये तपासणीला होतो,
नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय
तिथेच मोडली.
तीस इंची बेस दाखवा म्हटलं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
‘नातवासाठी का, काका?’
चौतीस म्हणजे मोठ्यांचा, तीस म्हणजे शिकाऊंचा,
असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलं असणार.

डावा हात मी वर केला नाही.
करंगळीला दोनच पेरं. तिसरं चाळीस टनी प्रेसकडे आहे,
रात्रपाळी होती, गार्ड काढून ठेवलेला,
बाकी सगळं रजिस्टरात आहे.
इतकी वर्षं चौतीसवर पंजा सरकवत भागवलं.
आता मनगट म्हणतं, पुरे.

पहिला हळदी रंगाचा. देखणा.
पट्टा गळ्यात घातला, हात सोडला,
तर त्याची मान निघाली जमिनीकडे
नोटीस मिळालेल्या माणसासारखी.
दुसरा पोकळ, पापडासारखा हलका.
बारीक तारा गोड, पण जाड तार ढिली, घोंगावणारी,
सूर लावावा तर सूर नाही,
सुराच्या आसपासची वस्ती ऐकू येते.
तिसऱ्याला व्हर्निअर लावला.
पोरगा मोबाइल ठेवून बघायला लागला.
पहिल्या पट्टीपासून चौथीपर्यंत
घरच्या चौतीसवर एकशे तीस मिलिमीटर,
इथे एकशे पंधरा, किंचित कमीच.
म्हणजे पंधरा परत मिळत होते.
प्रेसने नेले होते वीस.
उरलेले पाच मी ताणून काढीन, म्हटलं मनात.
मग किंमतीची चिठ्ठी उलटी करून पाहिली
आणि व्हर्निअर खिशात घातला.

कर्वेनगरला आगाशेबाईंकडे एक पडून होता.
मुलगा जर्मनीला गेलेला, खोलीत आता शिवणाचं मशीन.
‘आवाजच येत नाही हो याचा,’ बाई म्हणाल्या,
‘नुसती कपाटाची काच वाजते.’
म्हटलं, बाई, तोच आवाज.
नऊ हजार. एक रुपया कमी नाही.
आणि पिशवी देणार नाही, पिशवी चांगली आहे.
जुन्या चादरीत गुंडाळून
मांडीवर आडवा धरून रिक्षाने खडकीला आणला,
सिग्नलला एका बाईने वाकून पाहिलं, बाळ आहे का म्हणून.

तारा गंजलेल्या. नव्या मिळाल्या त्या लांब मापाच्या,
तीस इंचीला तारा कोण ठेवतो इथे.
लांब तार कापण्याआधी खुंटीपाशी नीट वाकवावी लागते,
नाहीतर वरचं वेटोळं सुटतं
आणि सुटत सुटत पार पुलापर्यंत जातं.
हे पोराने फोनवर सांगितलं, फुकट, त्याचा माल न घेता.
पक्कड हातात धरून मी थोडा वेळ बसून राहिलो.
आधी वाकवणं. मग कापणं.
असा क्रम असतो तर.

अँप्लिफायर चर्चमध्ये, म्हणून
मानेचं टोक कपाटाला टेकवून वाजवला.
लाकडातून घर वाजलं.
चौतीसचा आवाज खणखणीत होता,
याचा गोल, खडीसाखर तोंडात ठेवून बोलल्यासारखा.
सुवार्ता लसूण सोलत होती. म्हणाली,
‘फुलपात्रं पुढे सरकतायत, तेवढं बघा.’

रविवारी कुणाला काही कळलं नाही.
पाळकांनी नवा रंग तेवढा पाहिला.
तिसऱ्या गीतानंतर ड्रमवरचा योनाथान
काड्या काखेत धरून म्हणाला,
‘काका, आज तुम्ही खाली बघत नव्हतात.’

पाच मिलिमीटर अजून आहेत.
चौथ्या गीतात एक जागा आहे,
तिथे कळतं.